गावठी पिल्लं उबवून विकायची असतील तर: मुरबाडकडच्या एका घरातली पद्धत

दिवाळी सरली की आमच्या घरी दोन-तीन माणसं तरी हमखास विचारायला येतात. कुणी बदलापूरकडे जागा घेतलेली असते, कुणी शहापूरच्या वडिलोपार्जित वाडीत परत आलेलं असतं, कुणी बचत गटातली बाई असते. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, मशीन कुठलं घेऊ?" मी आधी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवते. अंडी मशीनमध्ये ठेवल्यापासून पिल्लू बाहेर यायला 21 दिवस, आणि ते पिल्लू दुसऱ्याच्या हाती देण्याजोगं व्हायला आणखी 30. हे 51 दिवस कुठल्या महिन्यात पडतात, तेव्हा गिऱ्हाईक आहे का, आणि पिल्लं ठेवायला कोरडी जागा आहे का, हे ठरलं की मशीन कुठलंही चालतं. ते न ठरवता मशीन आणलं, तर महिन्याभरात ओसरीवर पन्नास पिल्लं चिवचिवत असतात आणि त्यांचं काय करायचं हे घरात कुणालाच ठाऊक नसतं.

आमचं घर मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या अलीकडे. 40 कोंबड्या, 5 कोंबडे, एक 48 अंड्यांचं मशीन आणि पडवीला लागून पत्र्याची एक खोली, एवढाच पसारा. घरातली भातशेती आणि मालकांची अंबरनाथची नोकरी सांभाळून जे जमतं तेच खाली लिहिते आहे.

तारीख उलटी मोजायची

ठाणे जिल्ह्यात गावठी कोंबड्याला सगळ्यात मोठी मागणी गटारीला, म्हणजे आषाढ अमावास्येला. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, मग घराघरांत मांसाहार बंद. त्याखेरीज लग्नसराईतल्या हळदी, शिमगा, डिसेंबरची अखेर आणि पौष पौर्णिमेची म्हसाची जत्रा. मार्गशीर्षात गुरुवार पाळणारी घरं पुष्कळ, तेव्हा बाजार थोडा मंदावतो.

आता लक्षात घ्या, तुम्ही पिल्लं विकणार आहात. तुमचं गिऱ्हाईक ती वाढवून गटारीला विकणार किंवा घरी कापणार. गावठी कोंबडा दीड किलोच्या आसपास भरायला पाच-सहा महिने जातात. म्हणजे गिऱ्हाइकाला महिन्याचं पिल्लू गटारीच्या पाच महिने आधी हातात हवं. 2025 मध्ये गटारी 24 जुलैला होती. पाच महिने मागे गेलं की 24 फेब्रुवारी, त्याच्या 51 दिवस मागे 4 जानेवारी. त्या दिवशी अंडी मशीनमध्ये जायला हवी होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने गटारी 12 ऑगस्टला, म्हणून तीच तारीख 20 जानेवारीच्या आसपास जाते. अधिक मास येतो त्या वर्षी हा हिशेब सरकतो, हे नवीन माणसाच्या ध्यानात राहत नाही.

सुदैवाने हीच वेळ उबवणीलाही उत्तम. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत आमच्याकडे हवा कोरडी आणि गार असते, कोंबड्या चांगल्या अंड्यावर असतात, पिल्लांखालचं तूस कोरडं राहतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात साठवलेली अंडी खराब होतात आणि जून ते सप्टेंबर या कोकणातल्या पावसात पिल्लं जगवणं कठीण. पहिल्या वर्षी तरी पावसाळ्यात अंडी बसवू नका, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. का, ते पुढे येईल.

अंडी कुठली घ्यायची

दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही. त्या कोंबड्या पिंजऱ्यात असतात, त्यांच्यात कोंबडा नसतो, त्यामुळे अंडं फळलेलं नसतं. हे सांगावं लागतं, कारण दरवर्षी कुणीतरी एक ट्रे आणून ठेवतंच.

8 ते 10 कोंबड्यांमागे एक कोंबडा ठेवा. नवा कोंबडा सोडल्यावर दहा दिवस थांबा, मगच अंडी उबवायला धरा. आणि कोंबडा दरवर्षी बदला, तोही दुसऱ्या गावातून आणून. आपल्याच पिल्लांतला देखणा कोंबडा ठेवायचा मोह होतो, पण बाप-लेकी एकत्र राहिल्या की दोन-तीन पिढ्यांत अंड्यातच मरणारी आणि वाकड्या पायांची पिल्लं वाढतात. आम्ही किन्हवलीकडच्या एका ओळखीच्या घराशी कोंबड्यांची अदलाबदल करतो. पैसे लागत नाहीत. आणलेला पक्षी मात्र 21 दिवस वेगळा ठेवायचा.

वनराज, गिरिराज या जाती चांगल्या आहेत, अंडीही जास्त देतात. पण त्या संकरातून तयार झालेल्या आहेत. त्यांच्या अंड्यांतून निघालेलं पिल्लू आईबापासारखंच होईल असं सांगता येत नाही, म्हणून त्यांची अंडी घरी उबवून "वनराजची पिल्लं" म्हणून विकू नये. गिऱ्हाइकाला तीच हवी असतील तर सरकारी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं आणून महिनाभर वाढवून द्यावीत. गोरेगावला आरे कॉलनीत केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचं केंद्र आहे, आपल्या पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडेही चौकशी करता येते.

अंडं निवडताना मध्यम आकाराचं, 45 ते 50 ग्रॅमचं घ्या. फार मोठं, फार लांबट, खडबडीत कवचाचं किंवा बारीक तडा गेलेलं बाजूला काढा. दोन अंडी हलकेच एकमेकांवर वाजवली की तडा गेलेल्याचा आवाज बद्द येतो. अंडी धुऊ नका. कवचावर एक नैसर्गिक थर असतो, तो धुतला की जंतू आत शिरतात. शेण-माती लागलेली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, फारच घाण असेल तर ते अंडं स्वयंपाकघरात जाऊ द्या. निमुळतं टोक खाली ठेवून साठवा, सात दिवसांच्या वर नाही. फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत, तिथली थंडी बीजाला सोसत नाही. 15 ते 18 अंश ही चांगली जागा. आमच्याकडे थंडीत स्वयंपाकघराचा उत्तरेकडचा कोपरा पुरतो. उन्हाळ्यात ठेवायची वेळ आलीच तर माठात अर्ध्यापर्यंत ओली वाळू, वर कोरडं फडकं, त्यावर अंडी, आणि तीन-चार दिवसांत उबवणीला. 25 अंशांच्या वर अंडं नुसतं पडून राहिलं की आतला जीव अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो.

खुडूक कोंबडी असेल तर आधी तिला बसवा

गावठी कोंबडी वर्षाला 60 ते 80 अंडी देते, तीही तीन-चार खेपांत, आणि प्रत्येक खेपेनंतर खुडूक होते, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसते. पिसं फुलवते, जवळ गेलं की गुरगुरते, खुराड्यातून उठत नाही. अशी एक कोंबडी 10 ते 12 अंडी कुठल्याही मशीनपेक्षा चांगली उबवते. टोपलीत राख घालून वर भाताचा पेंढा, अंधारा कोपरा, आणि बसवायचं रात्री. दिवसा बसवलेली पुष्कळदा पळते. राखेमुळे उवा-पिसवा कमी होतात. शेजारी दाणा-पाणी हवं, ती दिवसातून एकदाच पंधरा-वीस मिनिटं उठते.

माझ्या सासूबाई एकाच दिवशी तीन खुडूक कोंबड्या बसवतात आणि मी त्याच दिवशी मशीन भरते. पिल्लं निघाली की तिघींची पिल्लं दोघींकडे देतात आणि तिसरी लवकर अंड्यावर येते. मशीनमधली थोडी अशक्त पिल्लंही रात्रीच्या अंधारात कोंबडीखाली सरकवता येतात, सकाळी तिला काही कळत नाही. हे फक्त पहिल्या एक-दोन दिवसांच्या पिल्लांबाबत जमतं.

पहिल्या वर्षी दोन-तीन खुडूक कोंबड्यांवरच काम करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. 25-30 पिल्लं जगवून, लस देऊन विकून दाखवा, मग मशीन.

मशीन घेतल्यावर अंडी ठेवण्याआधी

बाजारात 48 ते 60 अंड्यांची आपोआप फिरवणारी मशीनं मिळतात. घरी करायचं तर मासळीची थर्माकोलची पेटी, 40 वॅटचे दोन पिवळे तारेचे बल्ब, डब्ल्यू 1209 नावाचा छोटा तापमान-नियंत्रक आणि संगणकातला 12 व्होल्टचा पंखा एवढ्यावर चांगलं मशीन होतं. एलईडी बल्ब उष्णता देत नाही, तो चालणार नाही. बल्ब दोन लावा, एक उडाला तरी रात्र निभावते.

मशीन दोन दिवस रिकामं चालवून बघा. त्यावरच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. घरात ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर असतोच. कोमट पाण्यात तो आणि मशीनचा सेन्सर शेजारी धरा, 38 अंशांच्या आसपास दोन्ही जुळतात का पाहा. आर्द्रतामापकाची परीक्षा मिठाने होते: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, ते चिखलासारखं होईल इतकंच पाणी, आणि मापकासकट ते एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर. सकाळी मापकाने 75 टक्के दाखवायला हवेत. 68 दाखवले तर तुमचा मापक 7 ने कमी सांगतो, तेवढं नेहमी मिळवायचं.

पंखा असलेल्या मशीनमध्ये तापमान 37.5 ते 37.7 अंश. पंखा नसलेल्या पेटीत अंड्यांच्या वरच्या पातळीला 38.5 च्या आसपास, कारण तिथे वरची हवा गरम आणि खालची गार राहते. अर्ध्या अंशाने कमी पडलं तर पिल्लं उशिरा निघतात. 39 च्या वर काही तास राहिलं तर मरतात. चूक व्हायचीच असेल तर थंडीच्या बाजूला होऊ द्या.

पाण्याचं प्रकरण

यावर मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

अंडं 21 दिवस श्वास घेत असतं. कवचाच्या बारीक छिद्रांतून पाणी वाफ होऊन जातं आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. पिल्लू शेवटी त्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं. पाणी पुरेसं गेलंच नाही, तर पोकळी लहान राहते, पिल्लू फुगलेलं राहतं आणि कवचाला चोच लावायच्या आतच गुदमरतं. मशीनबरोबर येणाऱ्या कागदावर लिहिलेलं असतं की ट्रेमध्ये रोज पाणी भरा. कोरड्या हवेच्या प्रदेशात ते बरोबर आहे. पण जुलैत आमच्या खोलीतली हवाच 85-90 टक्के ओली असते.

माझी पहिली पावसाळी खेप अशीच गेली. कागदाप्रमाणे रोज पाणी घातलं. 48 अंड्यांतून 11 पिल्लं निघाली. बाकीची अंडी फोडून पाहिली तेव्हा आत पूर्ण वाढलेली, पिसं आलेली, ओलीचिंब पिल्लं मेलेली होती. त्या दिवशी घरात कुणाला जेवण गेलं नाही. नंतर तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वजनाचा हिशेब शिकवला आणि तेव्हापासून मी मापकापेक्षा वजनकाट्यावर जास्त भरवसा ठेवते.

हिशेब सोपा आहे. 18 व्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन 11 ते 13 टक्क्यांनी घटायला हवं. ठेवताना 10 अंडी पेन्सिलने खूण करून एकत्र तोला. समजा 480 ग्रॅम भरली. 7 व्या दिवशी ती 458 च्या आसपास, 14 व्या दिवशी 435, आणि 18 व्या दिवशी 422 ग्रॅम असावीत. घट कमी असेल तर पाण्याचा ट्रे रिकामा करा आणि हवेची भोकं उघडा. जास्त असेल तर पाणी वाढवा. आकड्यात सांगायचं तर पहिले 18 दिवस 50 ते 55 टक्के आर्द्रता, शेवटचे तीन दिवस 65 ते 70. डिसेंबर-जानेवारीत मला ट्रेचा एक कप्पा भरावा लागतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकही नाही.

पहिला ते अठरावा दिवस

अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि दिवसातून किमान तीनदा, जमल्यास पाचदा फिरवा. विषम वेळा फिरवायचं कारण असं की रात्रीचा लांब वेळ दर रात्री वेगळ्या बाजूवर जातो. फिरवलं नाही तर बीज कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतं. आपोआप फिरवणारं मशीन असलं तरी दिवसातून एकदा फुली-गोल बघून खात्री करा, मोटर बंद पडलेली कळत नाही. हात स्वच्छ धुऊन, तेल-क्रीम न लावता.

7 व्या दिवशी रात्री दिवा मालवून मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा ठिपका दिसला की अंडं जिवंत. नुसतं पिवळसर पारदर्शक दिसलं की ते फळलेलं नव्हतं. लाल कडं दिसलं की सुरू होऊन मेलं. मेलेली आणि रिकामी दोन्ही काढून टाका, नाहीतर सडून फुटतात आणि सगळं मशीन नासतं. काढलेली रिकामी अंडी खायला विकू नका, आठवडाभर 37 अंशांत राहिलेली असतात. 14 व्या दिवशी पुन्हा बघा, तेव्हा पोकळी सोडून बाकी सगळं काळं दिसायला हवं.

वीज जाणं हे आपल्याकडचं नेहमीचं दुखणं. गेली की झाकण उघडू नका, मशीनवर गोधडी टाका आणि हवेचं एक भोक मोकळं ठेवा. दोन-तीन तास सहज निघतात. दहाव्या दिवसानंतर पिल्लं स्वतःची ऊब धरतात, तेव्हा आणखी थोडा दम धरता येतो. त्याहून जास्त गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत, अंड्यांना न टेकवता. वीज आल्यावर अर्धा तास तिथून हलू नका, कारण तापमान चढून 39 पार जाण्याचा धोका तेव्हाच जास्त.

शेवटचे तीन दिवस

18 व्या दिवशी फिरवणं बंद. अंडी आडवी ठेवा, खाली खडबडीत कापड किंवा रबरी जाळी घाला, पाणी भरा, हवेची भोकं पूर्ण उघडा आणि झाकण लावून टाका. 20 व्या दिवशी कवचाला पहिला टवका दिसतो. तिथून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. मध्ये बराच वेळ पिल्लू गप्प असतं, म्हणजे ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि पडद्यातल्या शिरांचं रक्त आत घेत असतं. त्या वेळी कवच सोलून "मदत" केली की रक्त वाहतं आणि पिल्लू जातं. मन घट्ट करून बाहेर थांबायचं. झाकण दर तासाला उघडलं तर आतली वाफ जाते, पडदा सुकून पिल्लाभोवती आवळतो.

निघालेली पिल्लं सुकून फुलेपर्यंत आतच राहू द्या. बलकाच्या जोरावर ती 48 तास दाण्यापाण्यावाचून राहू शकतात. 22 व्या दिवसाच्या संध्याकाळी जे उरलं ते बंद.

महिनाभराचं बाळंतपण

कोपरे नसलेली गोल जागा करा. पुठ्ठा किंवा पत्रा गोल उभा केला तरी झालं. कोपरा असला की पिल्लं तिथे एकमेकांवर चढून दडपतात. खाली दोन इंच भाताचं तूस, आपल्याकडे गिरणीतून मिळतं. पहिले दोन दिवस वर खडबडीत पुठ्ठा पसरा म्हणजे पिल्लं तूस खात नाहीत. गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात आणि मग ते पिल्लू उभं राहत नाही.

उबेसाठी पिल्लामागे 2 वॅट धरा, म्हणजे 35 पिल्लांना 40 चे दोन बल्ब. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला 33 ते 35 अंश, मग दर आठवड्याला 3 अंशांनी कमी. आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली गोळा होऊन कर्कश ओरडत असतील तर थंडी. लांब जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उष्णता. सगळी एकाच बाजूला असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. सासूबाई रात्री अंथरुणातूनच आवाज ऐकून सांगतात, "पोरी, बल्ब खाली घे." बल्ब वायरवर कधीही लटकवू नका, तारेने वेगळा पक्का बांधा. तुसावर पडलेला बल्ब आग लावतो.

पिल्लं आणली की आधी पाणी, मग दाणा. पहिल्या पाण्यात लिटरला पाच-सहा चमचे गूळ. दोन-तीन पिल्लांची चोच पाण्यात बुडवून दाखवली की बाकीची शिकतात. भांडं उथळ हवं आणि त्यात गोट्या किंवा खडे टाका, नाहीतर भिजून मरतात. दाणा म्हणजे चिक स्टार्टर, 20 ते 22 टक्के प्रथिनांचं. घरची कणी आणि कोंडा स्वस्त पडतो हे खरं, पण नुसत्या कणीवर वाढवलेलं पिल्लू महिन्याला मुठीएवढंच राहतं आणि लसही त्याला नीट लागू पडत नाही. पहिला महिना तरी स्टार्टरच द्या.

खिडक्यांना अर्धा इंची वेल्डमेश लावा. षटकोनी कोंबडी-जाळीतून घुशीचं पिल्लू आणि साप सहज येतात. एका रात्री घूस शिरली तर सकाळी मोजायला काही उरत नाही. दिवसा सोडायला लागल्यावर घार, कावळा आणि मुंगूस.

लस, आणि शेजारी कशाला हवेत

मानमोडी म्हणजे राणीखेत रोग गावातली सगळी कोंबडी चार दिवसांत संपवतो. त्यावर औषध नाही, फक्त लस आहे. 5 ते 7 व्या दिवशी लासोटा, ही राणीखेतची लस, डोळ्यात एक थेंब. 14 व्या दिवशी गंबोरो रोगाची लस. 28 व्या दिवशी पुन्हा लासोटा. पुढे देवीची लस आणि आठव्या आठवड्यात राणीखेतचीच आर-टू-बी लस, ही दोन्ही गिऱ्हाइकाकडे गेल्यावर. नेमकी तारीख दवाखान्यातून लिहून घ्या.

अडचण अशी की लसीची छोटी बाटलीही 100 मात्रांची किंवा त्याहून मोठी असते. ती बर्फात, 2 ते 8 अंशांत आणावी लागते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. 30 पिल्लांसाठी एक बाटली फोडायची म्हणून लोक लसच टाळतात. आम्ही आमच्या वाडीतली तीन घरं एकाच दिवशी अंडी बसवतो. पिल्लं एकाच दिवशी निघतात, लस एकाच सकाळी होते, खर्च तिघांत. नवीन माणसाने मशीन घेण्याआधी असे दोन शेजारी शोधावेत. माझ्या दृष्टीने या धंद्यातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे.

पावसात किंवा ओल्या तुसात रक्ती हगवण येते. विष्ठेत रक्त दिसलं, पिल्लं पंख पाडून बसली की थांबू नका, दवाखान्यातून औषध आणा, ओलं तूस काढून चुना मारून नवं घाला. आणि अचानक पाच-दहा पक्षी मेले तर ते ओढ्यात फेकू नका, विकून मोकळंही होऊ नका, दवाखान्यात कळवा. 2022 च्या फेब्रुवारीत आपल्याच शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू आला होता आणि आजूबाजूचे हजारो पक्षी नष्ट करावे लागले. अशा वेळी जाहीर झालेल्या परिसरात विक्री आणि ने-आण बंद असते, ती पाळायची.

पैशाचा हिशेब

माझ्या गेल्या हिवाळी खेपेचे आकडे देते. भाव तुमच्या बाजाराचे घाला. 48 अंडी ठेवली, 7 व्या दिवशी 6 काढली, 14 व्या दिवशी 3. उरलेल्या 39 मधून 34 पिल्लं निघाली आणि महिन्याअखेर 31 राहिली. अंड्याचे 12 रुपये धरले, कारण तेवढ्याला ते खायला विकलं गेलंच असतं, म्हणजे 576. पिल्लामागे महिन्याला साधारण 600 ग्रॅम स्टार्टर, 20 किलोचे 900. लसीतला आमचा वाटा 300, वीज 400, तूस-गूळ-चुना 150. एकूण 2326 रुपये, भागिले 31, म्हणजे पिल्लामागे 75. भागायचं ते विकलेल्या पिल्लांनी, ठेवलेल्या अंड्यांनी नव्हे. 48 ने भागून भाव ठरवला तर तोटा होतो आणि तो वर्षभर कळत नाही. यात आपली मेहनत धरलेली नाही, म्हणून मी 110 च्या खाली देत नाही.

एक दिवसाचं पिल्लू विकलं तर खर्च कमी आणि हात लवकर मोकळा होतो. पण घेणाऱ्याकडे उबेची सोय नसेल तर ती पिल्लं आठवड्यात मरतात आणि पुढच्या वर्षी तो माणूस येत नाही. म्हणून मी एक दिवसाची फक्त त्यांनाच देते ज्यांच्याकडे त्याच दिवशी खुडूक कोंबडी उठते आहे.

विकताना

आगाऊ नोंद घेऊनच अंडी बसवा, निदान निम्म्या पिल्लांची. गिऱ्हाईक जवळच असतं: शेजारच्या वाड्या, कातकरी आणि ठाकूर पाडे, बचत गट, बदलापूर-मुरबाडकडच्या फार्महाऊसवरचे राखणदार. ठाणे, नवी मुंबईतून इमारतीच्या गच्चीवर ठेवायला कुणी मागितली तर सोसायटी आणि महापालिकेला विचारलंत का, हे मी आधी विचारते. नाही म्हणाले तर देत नाही, पिल्लांचेच हाल होतात.

"मला सगळ्या तलंगाच द्या," असं जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो. गावठी पिल्लात नर-मादी लहानपणी ओळखता येत नाही, सहा-आठ आठवड्यांनी तुरा आणि शेपूट बघून कळतं. साधारण निम्मे कोंबडे निघतात, हे पैसे घेण्याआधी सांगा. अशक्त, पाय वाकडं किंवा नाक वाहणारं पिल्लू पेटीत घालू नका, "वर एक फुकट" म्हणूनही नाही.

गिऱ्हाइकाला खोलीत नेऊ नका. तो आधी कुठल्या कोंबड्यांत जाऊन आला ते आपल्याला माहीत नसतं. पिल्लं पडवीत आणून दाखवा, परत आलेलं डालगं उन्हात धुऊन वाळवल्याशिवाय आत घेऊ नका. न्यायला भोकं पाडलेलं खोकं, तळाशी तूस, आणि वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. महिन्याची 10-12 पिल्लं एका मध्यम खोक्यात बसतात. पाय बांधून उलटी टांगून कुणी नेत असेल तर देऊ नका, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा कोंबडीलाही लागू आहे.

बरोबर एक चिठ्ठी देते: पिल्लं निघाल्याची तारीख, दिलेल्या लसी, राहिलेल्या लसींची तारीख, कुठलं खाद्य चालू होतं आणि ते आठवडाभरात हळूहळू बदला ही सूचना. आठव्या दिवशी फोन करून किती आहेत ते विचारते. मेली असतील तर कारण कळतं आणि पुढच्या खेपेला उपयोगी पडतं.

शेवटचं खोकं गेलं की त्याच संध्याकाळी तूस उचलून शेतात, खोली झाडून धुऊन चुना, मशीन ओल्या फडक्याने पुसून उन्हात. त्यानंतर पंधरा दिवस खोली रिकामी. मागणी असली तरी हे पंधरा दिवस मी सोडत नाही, कारण दुसऱ्या खेपेची पिल्लं मरतात ती बहुतेक पहिल्या खेपेच्या घाणीनेच. दरम्यान अंडी साठवायला सुरुवात करायची ती रिकामे दिवस संपायच्या सात दिवस आधी, आणि पेन्सिलने तारीख घालून.